तालमीतले अप्पा

हेडफोनमध्ये अप्पा खोकले आणि हॉलच्या मोठ्या पडद्यावरचे अप्पा हसले.

तिने सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली. अप्पांचं घरून निघालेलं बोलणं हॉलच्या पडद्यावर पोचायला दोन-तीन सेकंद लागतात, कधी चार. पाच झाले, सहा झाले. पडद्यावरचे अप्पा काही खोकले नाहीत. चष्मा पुसत ते म्हणाले, "हत्यार जागच्या जागी ठेवणारा मुलगा आयुष्यात कुठेही अडत नाही," आणि हॉलमधली, अप्पांच्या जुन्या तंत्रशाळेची दोनशे माणसं कौतुकाने हसली. हेडफोनमधले अप्पा मात्र कागद सरळ करत होते.

"आज मी लिहून आणलंय," ते म्हणाले. "कारण हे नुसतं बोलायचं धाडस मला एकतीस वर्षांत झालं नाही."

तोच करडा स्वेटर, तीच वेताची खुर्ची, डाव्या बाजूला तोच दिवा. एक अप्पा तिच्या लॅपटॉपवर, दुसरे पडद्यावर. पडद्यावरचे गुरुवारच्या तालमीतले होते, हे तिच्या लक्षात यायला आणखी दोन सेकंद गेले.

ती तालीम तिनेच रेकॉर्ड केली होती. लांबून बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याचं अख्खं भाषण आधी एकदा रेकॉर्ड करून ठेवायचं, हा तिचा नियम. तेच कपडे, तीच खुर्ची, तोच उजेड. भाषणाच्या मध्येच इंटरनेटने मान टाकली तर रेकॉर्डिंग लावायचं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. दादा नवीन लोकांना भेटायला गेला की हे हमखास सांगायचा. "आमच्या छोटीकडे प्रत्येक वक्त्याची एक प्रत जादा असते," असं म्हणून स्वतःच हसायचा. बहीणभावांनी मिळून उभं केलेलं काम होतं ते. हॉल, स्टेज, माणसं दादाची. तारेपलीकडचं सगळं तिचं. अप्पांनी तर तिच्या नियमापायी स्वेटर धुवायलाही टाकू दिला नव्हता.

तिने वॉकीटॉकी उचलला.

"दादा, चुकून रेकॉर्डिंग लागलंय. अप्पांना थेट घे."

स्टेजच्या उजवीकडे दादा तिच्याकडे पाठ करून उभा होता. पडद्यावर काय दिसायचं हे ठरवणारी बटणांची पेटी त्याच्या पुढ्यात होती. ती पेटी नेहमी तिच्या टेबलावर असते. आज सकाळी दादाने ती पुढे नेली. केबल पुरत नाही, म्हणाला. तिने त्याची चेष्टाही केली होती, की आता स्टेजवर स्वतःच जाऊन बस म्हणून.

"दादा, ऐकतोयस ना?"

"चुकून नाही," दादाचा आवाज आला. "राहू दे. नंतर बोलू."

ती उठलीच. टेबलापासून स्टेजपर्यंत तीस पावलं होती. पेटीवरचं एक बटण दाबायचं, बस. हॉलमध्ये काय व्हायचं ते होऊ दे. पण हेडफोनची वायर ताणली गेली आणि कानात अप्पा म्हणाले, "तू पुढेच बसला असशील. म्हणून मी तुझ्याकडे बघूनच बोलतो."

आणि त्यांनी मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. पडद्याकडे नाही, काचेच्या त्या ठिपक्याकडे बघायचं, हेही त्यांना तिनेच शिकवलं होतं. आता ते सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते. तिने हेडफोन काढले असते तर अप्पांचं ऐकणारं कुणीच उरलं नसतं. ती खाली बसली.

पुढे बसलेला तो माणूस तिला मागून दिसत होता. दुसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. सकाळी नोंदणीच्या टेबलावर तो आला तेव्हा उजवा हात पँटच्या खिशात होता, आणि ओळखपत्राची चिमटी त्याला एका हाताने लावता येईना. तिने ती लावून दिली. "सरांनी स्वतः फोन केला होता," तो म्हणाला होता, "नाहीतर मी इकडे पाऊल टाकलं नसतं." तिला वाटलं, लाडका विद्यार्थी असेल. अप्पांनी तीन वेळा बजावलं होतं, त्याला पुढे बसव, तो आल्याशिवाय मला सुरू करू नकोस. त्याची बस उशिरा आली म्हणून तिने कार्यक्रम चार मिनिटं रोखून धरला होता, आणि दादा घड्याळ दाखवत नुसता धुमसत होता.

"पत्रा कापायच्या मशीनवरची सुरक्षेची जाळी मी काढली होती," अप्पा वाचत होते. "प्रदर्शनाचं काम वेळेत होईना म्हणून. आदल्या संध्याकाळी काढली आणि परत बसवायची विसरलो. सकाळी तू मशीनवर बसलास. पुढचं तुला माहीत आहे. तुझी तीन बोटं गेली."

कॅमेऱ्याच्या कडेने आईचा हात आत आला. पाण्याचा पेला अप्पांच्या जवळ सरकवून परत गेला.

"चौकशीत मला विचारलं, जाळी कुणी काढली. मी सांगितलं, मशीनवरच्या मुलानेच काढली. तू हॉस्पिटलमध्ये होतास. तुझं नाव संस्थेतून कमी केलं, तुला भरपाई मिळाली नाही, आणि मी तिथेच आणखी सोळा वर्षं नोकरी केली. मुलांना शिस्त शिकवली."

पडद्यावरचे अप्पा त्याच वेळी शिस्तीबद्दलच बोलत होते. लोक माना डोलावत होते. दुसऱ्या रांगेतला माणूस पुढे वाकून, खिशातला हात खिशातच ठेवून, लक्ष देऊन ऐकत होता.

चौथीत असताना ती एका मुलीचं खोडरबर दप्तरात घालून घरी घेऊन आली होती. अप्पांनी तिला हाताला धरून, भर उन्हात, अर्ध्या गावातून चालवत त्या मुलीच्या दारात नेलं होतं. सगळ्यांसमोर सांग, म्हणाले होते. ती रडत रडत सांगून आली. ते खोडरबर आणि हे मशीन एकाच वर्षातलं होतं की काय, याचा ती हिशोब करायला लागली आणि मध्येच थांबली. दादाचा राग आला होता तेव्हा निदान बोट कुठे दाखवायचं हे कळत होतं.

"आज नव्या वर्कशॉपला माझं नाव देणार आहेत," अप्पा म्हणाले. "ते मला नको. प्राचार्यांना विनंती आहे, आधी याचं नाव चौकशीच्या कागदातून पुसा. आणि तुला... तुला काय सांगू? माफ कर म्हणायची माझी लायकी नाही. पण म्हणतो. माफ कर."

त्यांनी कागदाची घडी घातली. ती त्यांना नीट जमेना.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. तालमीतले अप्पा नमस्कार करून पडद्यावरून नाहीसे झाले होते. लॅपटॉपमधले अप्पा कॅमेऱ्याकडे बघत बसले होते. हॉलचा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. आवाज घुमतो म्हणून तो बंद ठेवते, असं तिनेच त्यांना समजावून ठेवलं होतं.

"झालं," ते म्हणाले. "पोचलं ना सगळ्यांना?"

वक्त्याचं बोलणं संपलं की कॅमेऱ्यासमोर अंगठा वर करायचा, ही तिची रोजची खूण. हात आपोआप वर गेला. तो वर गेल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. अप्पांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि आईने लॅपटॉप बंद केला.

प्राचार्यांनी स्टेजवर एक बटण दाबलं. पडद्यावर नव्या वर्कशॉपचं चित्र आलं आणि दरवाजावर अप्पांचं पूर्ण नाव, मोठ्या निळ्या अक्षरांत. माणसं उभी राहिली. ऑनलाइन बसलेल्या साडेतीनशे जणांचे अभिनंदनाचे निरोप तिच्या लॅपटॉपवर भराभरा वर सरकायला लागले.

चहासाठी हॉल मोकळा व्हायला लागला तेव्हा दादा तिच्या टेबलापाशी आला. खुर्ची ओढून बसला नाही, उभाच राहिला.

"किती ऐकलंस?"

"सगळं."

"मग तुला कळलंच असेल."

"मला काय कळायचं होतं ते तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?" दादाने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "आईला त्यांच्या उशीखाली तो कागद सापडला. तिनेच फोन केला मला. म्हणाली, म्हातारपणी यांना कोणी खोटारडं म्हणालेलं मला बघवणार नाही. मी प्राचार्यांशी बोललो. सगळ्यांचंच त्यात भलं होतं."

"आईने?"

"हो, आईने. अप्पांना वाटतंय त्यांनी सांगितलं. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. नावही राहिलं. कुणाचं काय बिघडलं, सांग ना?"

तिच्या डोळ्यांसमोर तो पाण्याचा पेला आला. कुणी ऐकत नाहीये हे माहीत असून आईने तो पुढे सरकवला होता. आणि दादा. माझीच तालीम, माझाच नियम, आणि माझाच केसाने गळा कापला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण तेवढ्यात दादाच्या मागे तो माणूस येऊन उभा राहिला. छातीवरचं ओळखपत्र त्याने काढून हातात घेतलं होतं.

"हे परत द्यायचं असतं का?"

"ठेवा ना, राहू दे आठवण," दादा घाईने म्हणाला. "चहा घेतला का? या, मी घेऊन जातो तुम्हाला."

"नको. बस आहे." त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मग तिच्याकडे पाहिलं. "एक विचारू? सर एवढंच बोलले? की तुमच्याकडून मध्ये काही कापलं गेलं?"

"नाही, नाही, पूर्ण दाखवलं," दादा म्हणाला.

तो माणूस तिच्याकडेच बघत होता. दादा तिच्या आणि त्याच्या मध्ये जरासा सरकला.

"बरं," तो माणूस म्हणाला. "मला वाटलं, फोन करून बोलावलंय तर काही वेगळं असेल. आपणच काहीतरी मनात धरून येतो." तो हसला, पण ते हसू स्वतःलाच होतं. मग तो जिन्याकडच्या दाराने बाहेर पडला.

"सुटलो," दादा म्हणाला आणि प्राचार्यांना गाठायला स्टेजकडे निघाला.

टेबलावर तिचा मोबाईल थरथरला. अप्पा. मशीनच्या आवाजात जन्म गेल्यामुळे अप्पा फोनवर ओरडूनच बोलत.

"अगं, तो होता का? पुढे बसवलंस ना त्याला?"

"बसवलं."

"ऐकलं त्याने? काय म्हणाला?"

काय म्हणाला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. गहिवरला, म्हणाली असती तर अप्पा त्या रात्री शांत झोपले असते, आणि आई, दादा, प्राचार्य सगळेच. अप्पांनाही तेच हवं होतं, असं तिला वाटून गेलं. एकतीस वर्षांत ते एकदाही त्याच्या दारात गेले नाहीत. त्यांनी हॉल निवडला, कॅमेरा निवडला, दोन गावांमधलं अंतर निवडलं. लेकीला मात्र दारात उभं केलं होतं.

"अप्पा, फोन ठेवू नका," ती म्हणाली.

ती धावली. तिला टेबल सोडून गेलेलं बघून दादाने तिला हाक मारली, ती तिने ऐकली नाही. तो माणूस जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचला होता.

"थांबा. सरांचा फोन आहे. तुमच्यासाठी."

त्याने डाव्या हाताने मोबाईल घेतला, कानाला लावला, आणि जिन्यातच जरा ताठ उभा राहिला.

"नमस्कार, सर."

"ऐकलंस ना रे?" अप्पांचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. "सगळं ऐकलंस ना?"

"हो, सर. छान झालं भाषण. हत्यारं जागेवर ठेवण्याचं म्हणालात ते आवडलं सगळ्यांना."

पलीकडून काहीच आलं नाही. त्याने मोबाईल कानापासून दूर धरून पाहिला. फोन चालूच होता. त्याने पुन्हा कानाला लावला.

"सर? मी काही चुकीचं बोललो का?"

मग अप्पा बोलायला लागले. ओरडून नाही. तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. तो माणूस आधी "हो सर, हो सर" म्हणत राहिला, नंतर तेही थांबलं. हळूहळू तो पायरीवर बसला. उजवा हात त्याने खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

ती वर गेली आणि हॉलचं दार लोटून धरलं. कुणीतरी ते आतून ढकललं. "छोटी," दादा म्हणाला, "छोटी, दार सोड."

तिने दाराला पाठ लावली आणि दोन्ही पाय जमिनीत रोवले.