झिजलेला आरंभबिंदू

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण साधासुधा नव्हे, चौकटींचा! माझ्या अंगावर पिवळ्या रेघांची जाळी आहे आणि मधोमध दोन तांबडे अक्ष. ते जिथे एकमेकांना छेदतात, तो माझा आरंभबिंदू. तिथला रंग आज पार उडाला आहे. तो कसा उडाला, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, रंगाऱ्याने दोरी ताणून रेघा आखल्या आणि मी शाळेत गेलो. तेव्हाचा माझा थाट काय विचारता! आलेखाचा तास आला की मुलं मला मिरवत वर्गात नेत. पुढे चकचकीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे कोळ्यांनीही माझ्यावर जाळी विणली, पण त्यांची एक रेघ सरळ असेल तर शपथ.

तिथून मला एका आईने मागून नेलं. तिचा नवरा पुलांच्या कामावर क्रेन चालवायचा. एक पूल बांधून झाला की बिऱ्हाड दुसऱ्या पुलाकडे निघे. सारखी शाळा बदलायला नको म्हणून आई मुलीला घरीच शिकवायची. मुलीचा पाय घडीभर एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

भिंगरी हुशार होती, पण रेषीय समीकरणाच्या आलेखापाशी तिचं घोडं अडायचं. आई मला जमिनीवर आडवा ठेवी आणि बिंदू म्हणून शर्टाची बटणं देई. समीकरणातून तीन जोड्या भिंगरी बिनचूक काढी. बटणं ठेवताना मात्र जोडीतला पहिला आकडा कधी आडवा मोजी, कधी उभा. मग तिसरं बटण भलतीकडेच पडे. आईची पाठ वळली की भिंगरी ते हळूच सरकवून रेषेत बसवी. आई खूश! मला सगळं दिसत होतं, पण फळ्याला कुठलं आलंय तोंड?

परीक्षा जवळ आली, तशी आईने कागदावर सराव सुरू केला. कागदावरचे बिंदू काही सरकत नाहीत. एकही आलेख बरोबर येईना.

त्या संध्याकाळी आई भिंगरीच्या बाबांना म्हणाली, "अहो, माझ्याच्याने नाही होत हे. पोरीचं नुकसान नको. तिला आत्याकडे ठेवू या, तिथे चांगली शाळा आहे." दाराआड भिंगरी ऐकत होती. ती आत आली ती रडतच.

"आई, तुझं काही चुकलं नाही गं. मीच बटण सरकवायचे. तुला बरं वाटावं म्हणून."

आई रागावली नाही. तिने भिंगरीला जवळ ओढलं. "अगं वेडे, तिसरं बटण मला खूश करायला नसतंच. आपलं कुठे चुकलंय, ते सांगायला असतं." मग तिचं बोट धरून माझ्या आरंभबिंदूवर टेकवलं. "सांग बरं, खालच्या दारातून आत आल्यावर तू आधी काय करतेस?"

"जिन्यापर्यंत चालते."

"आणि मग?"

"चढते." भिंगरी थबकली. "म्हणजे पहिला आकडा चालायचा, दुसरा चढायचा?"

"आणि ऋण आला तर?"

"उलटं चालायचं, नाहीतर तळघरात उतरायचं!"

समीकरण होतं, वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. भिंगरी शून्य चालून एक चढली, एक चालून तीन चढली, दोन चालून पाच. तिसरं बटण ठेवून तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. आईने पट्टी टेकवली. तिन्ही बटणं एका रेषेत होती, आणि या वेळी कुणीच काही सरकवलं नव्हतं. बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. आत्याकडे जायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे प्रत्येक उदाहरणाआधी भिंगरी माझ्या आरंभबिंदूवर बोट टेकवायची. तिथला रंग गेला तो असा. आता ती मोठी झाली, कामासाठी खूप लांब राहते. मी कपाटामागे उभा असतो आणि तिची मला फार आठवण येते. परवा घराला रंग द्यायला आलेला रंगारी आईला म्हणाला, "हा फळा नवा करून देऊ का?" आई म्हणाली, "रेघा उजळ कर. मधली जागा तेवढी राहू दे."

मित्रांनो, घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून फडकं फिरवा. पण झिजलेल्या जागेवर रंग चढवू नका. तिथूनच कुणीतरी चालायला सुरुवात केलेली असते.