घोंगडीवरचा नकाशा

विठूचा राग सगळ्या वाडीला ठाऊक होता. एकदा शिंग लागलं म्हणून त्याने बैलाच्या तोंडावर जू हाणून त्याचा डोळा फोडला, आणि मग त्याच बैलाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. असा माणूस म्हशाच्या जत्रेहून नवा कोयता घेऊन जीपमधून घरी यायला निघाला, आणि शेजारी येऊन बसला वाडीतलाच तोंडाळ धाऊ.

"विठू, तुमच्याकडं आज देव काढलेत," धाऊ म्हणाला. "सकाळी येताना बघितलं मी. ओटीवर घोंगडी टाकून ढीग मांडलेत. तुला बोलावलं नाय?"

विठूच्या घरचे देव म्हणजे जुनी नाणी. नाणेघाटाच्या पायथ्याला नांगरताना कुणा पूर्वजाला सापडलेली. हळद माखून ती एका टोपलीत ठेवलेली असत. दसऱ्याला टोपलीसकट पूजा व्हायची. टोपलीतून काढून त्यांचे ढीग मांडायचे ते एकाच वेळी, भाऊ वेगळे निघताना. ज्याच्यापुढे जेवढा ढीग, तेवढा त्याचा वाटा. विठू आणि सुंदराला मूलबाळ नव्हतं. पोर नसलेल्याला वाटा कशाला, असं म्हणत शेजारच्या वाडीत एका धाकट्याला भावांनी घराबाहेर काढलेलं विठूने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ही एकच भीती त्याला आतून कुरतडत होती.

खरं तर ती हर्षालीची करामत होती. जगनची, म्हणजे विठूच्या थोरल्या भावाची ही मुलगी कल्याणला जुन्या नाण्यांचा अभ्यास करत होती. तिने घोंगडीवर तांदळाच्या पिठाने सह्याद्री काढला, नद्या काढल्या, आणि जे नाणं ज्या गावच्या टाकसाळीत पडलं असावं, ते त्या जागी ठेवलं. एक ढीग जुन्नरला, एक पैठणला. राजाचं तोंड असलेलं एकच रुप्याचं नाणं पार कोपऱ्यात, भडोचला. तिने बापाला विचारलं होतं. "मांड की, आपण काय वाटणी करतोय थोडीच," म्हणून जगन हसला होता. धाकट्या भावाला विचारायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शहाणी माणसं चुकतात ती अशी.

विठू अंगणात आला. दोन मोठे ढीग, आणि कोपऱ्यात एक नाणं. जगनची पोरं दोन, हर्षाली आणि भाविक. ढीग त्या दोघांचे, नाणं आपलं, असा हिशोब त्याच्या डोक्यात एका दमात जुळला.

"एकच?" तो ओरडला. "मला एकच देव?"

जगन ओटीवरच बसला होता. तो हसत उठला. "अरे, बस तर. पोरगी काय सांगते ते ऐक."

त्या हसण्याने घात केला. विठूने कोयता उचलला. जगनने हात आडवा धरला, आणि त्याची दोन बोटं पिठाच्या नदीत पडली. जगन गुरासारखा ओरडला. हर्षाली मधे आली तर विठूने तिला लाथेने ओटीखाली भिरकावलं. तिचं डोकं पायरीवर आपटलं. "काका, नकाशा हाय तो! नकाशा हाय!" ती रक्ताळल्या तोंडाने किंचाळत होती. विठूला ते ऐकू गेलं, पण हात तोवर खाली आला होता. दुसरा घाव मानेत बसला.

जगन नाण्यांवर कोसळला. विठूने कोयता टाकला आणि दोन्ही हातांनी भावाची मान दाबून धरली. बोटांमधून रक्त उसळत होतं, थांबतच नव्हतं. "ते गावं हायेत, काका," हर्षाली हुंदके देत सांगत होती. "नाणी कुठल्या गावची ते. वाटणी नाय. कुणीच वाटणी नाय केली."

वाडी धावून आली. कुणीतरी विठूच्या पाठीत काठी घातली, कुणी तोंडावर दगड मारला. त्याचे दात पडले तरी त्याने मान सोडली नाही. शेवटी चौघांनी ओढून त्याला बाजूला फेकलं आणि जगनला, विठू आला होता त्याच जीपमध्ये घातलं. जगनची बायको धोंडीबाई नवऱ्याचे पाय कवटाळून बसली. विठू सरपटत आला आणि जीपच्या दाराला लटकला. तेव्हा त्याच्याच बायकोने, सुंदराने, दारातला दांडा उचलून त्याच्या बोटांवर हाणला.

"उतर! तू नाय यायचं! तुझा आता कोण नाय इथं!"

जगनने डोळे उघडले. आवाज निघत नव्हता, घशातून नुसती घरघर येत होती. सगळे गप्प झाले तेव्हा कळलं.

"येऊ दे त्याला," जगन म्हणाला. "आपला हाय तो."

सुंदराने दांडा टाकला. विठू आत चढला आणि भावाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. मुरबाडचा दवाखाना अजून लांब होता. जीप वाटेतल्या टोकावड्याला पोचायच्या आतच घरघर थांबली, पण विठूने कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत तो जगनच्या मानेवरचा हात तसाच घट्ट दाबून बसला होता.