वाकड्या भोकाचं गोल ऊन

नीवेसला त्या भोकाचा पहिल्या दिवसापासून राग होता, आणि राग यावा असंच ते होतं. रोक्कामाराच्या मोठ्या चर्चचं छत म्हणजे निळंभोर आकाश, त्यावर सोन्याच्या वर्खाचे तारे. ते पुन्हा उजळायला बोलावलेल्या या बाईचा हात असा, की जुना वर्ख कुठला आणि तिने लावलेला कुठला, हे तिचं तिलाही सांगता येऊ नये. अख्खा हिवाळा तिने परांचीवर उताणं पडून मान मोडून काम केलं. आणि दक्षिणेच्या बाजूला, अगदी ताऱ्यांच्या मधोमध, जेमतेम बोट जाईल एवढं हे भोक! पाऊस आला की तिथून पाणी झिरपायचं आणि भोवतीच्या ताऱ्यांचं सोनं पापुद्रे होऊन गळायचं. मागे कधीतरी वरून काच बसवून पाहिली होती म्हणे, तर वर्षभरात ती धुळीने आंधळी झाली, आणि पुसायला तिथवर चढणार कोण? दोनदा वर्ख चढवून झाल्यावर नीवेसने जाहीर करून टाकलं, की भोक बुजवायचं.

तिच्या शब्दाला वजन होतं. शनिवारी वारसा खात्याच्या तेक्लाबाई येऊन तिचं म्हणणं ऐकणार होत्या आणि तिथल्या तिथे हुकूम देणार होत्या. मग परांची उतरायची, की पुढची कित्येक वर्षं त्या उंचीवर कुणी फिरकायचं नाही. बुजलं ते कायमचं बुजलं.

याने घायाळ झाला तो घंटावाला एव्हारिस्तो. त्या भोकातून येणारं ऊन चर्चच्या फरशीवर थाळीएवढं पडायचं, हळूहळू सरकत जायचं आणि फरशीत बसवलेली पितळी पट्टी ओलांडायचं. ते पट्टीवर आलं, म्हणजे सूर्य माथ्यावर आला, की एव्हारिस्तो दुपारची घंटा द्यायचा. त्याचा बापही तेच करायचा. घड्याळात बारा कधीच वाजून गेलेले असायचे, पण गावातल्या बायका अजूनही पास्ता उकळत्या पाण्यात सोडायच्या ते घंटा ऐकूनच. घड्याळातले बारा सरकारचे, हे आमचे, असं तो ऐटीत सांगायचा. ऊन नीट दिसावं म्हणून रोज त्या वेळी तो नीवेसला वरचे दिवे मालवायला लावायचा, आणि त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. विजेवर चालणारी घंटा बसवा म्हणजे तुमचे पाय तरी वाचतील, असं ती वरून ऐकवायची. तुझ्यासारखी माणसं विजेवर चालतात, घंटा नाही, असं तो खालून.

त्या आठवड्याच्या सोमवारी मात्र तो भांडला नाही. परांचीच्या पायथ्याशी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बुजव तू खुशाल. पण आधी एवढं सांग, वरचं भोक कसल्या आकाराचं आहे?"

"आकार कसला! तीन कोपरे आहेत, त्यातला एक फुटलेला."

"मग खाली ऊन गोल का पडतं?"

एव्हारिस्तोकडे स्वतःचं उत्तर तयार होतं. चर्च संत अपोलोनियाचं, कोपरे तीच घासून देते. दातदुखीवाल्यांची ही संत सुतारकाम कधीपासून करायला लागली, असं नीवेसने विचारलं, तर तो फुगून निघून गेला.

ती हसली खरी, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. अख्खा हिवाळा दिवे मालवले की ती वरच फळीवर बसून, डोळे मिटून पाव खायची. फरशीकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्या दुपारी मुद्दाम खाली उतरली. ऊन गोल होतं. वाटी उपडी ठेवून रेघ मारावी इतकं गोल.

झालं, बाईला वेडच लागलं. दुसऱ्या दिवशी तिने भोक अर्धं चिकटपट्टीने झाकलं आणि वरून ओरडून विचारलं. एव्हारिस्तोने खालून कळवलं, की जरा मंद आहे, पण गोल आहे. मग तिने पुठ्ठ्यात बारीक क्रूस कापून भोकावर धरला. गोल. चांदणी कापून धरली. गोल! एव्हारिस्तो प्रत्येक वेळी असा काही खूश होऊन सांगायचा, जणू कोपरे तोच घासतोय. तारे तसेच पडून राहिले, वर्खाच्या डबीचं झाकणसुद्धा उघडलं गेलं नाही, आणि चार दिवस त्या दोघांचं भांडण म्हणून झालं नाही.

शनिवारी सूर्यग्रहण होतं. काळे चष्मे लावून सगळं गाव चौकात जमलं होतं, आणि तेक्लाबाईही आत यायच्या सोडून तिथेच मान वर करून उभ्या होत्या. आत फक्त नीवेस आणि एव्हारिस्तो, पितळी पट्टीपाशी. नीवेसला हुरहूर लागली होती. बुजवण्याआधीचं हे शेवटचंच ऊन.

ते आलं, आणि ते गोल नव्हतं. एका बाजूने चांगला मोठा घास घेतल्यासारखं तुटलेलं होतं.

एव्हारिस्तोने छातीवर क्रूस काढला. "आज काय लावलंस वर?"

"काही नाही हो. शपथ."

तो तसाच लगबगीने चौकात गेला, कुणाचा तरी चष्मा ओढून घेऊन वर बघितलं आणि धापा टाकत परत आला. आकाशातला सूर्यही अगदी एवढाच खाल्लेला आहे, फक्त तिथे दुसऱ्या बाजूने, असं त्याने सांगितलं.

नीवेस फरशीवर बसली. तिने तळहात पुढे केला. तुटकं ऊन हातावर आलं, आणि तिच्या लख्ख लक्षात आलं, की हा भोकाचा आकार कधी नव्हताच. भोक वाकडं असो, क्रूसाचं असो, चांदणीचं असो, त्यातून खाली उतरतो तो सूर्यच, उलटा का होईना, पण आपला अख्खा चेहरा घेऊन. तिला इतका आनंद झाला, की हसावं की रडावं ते कळेना. तिने ते एव्हारिस्तोला समजावून सांगितलं. मग अपोलोनियाचं काय, असं त्याने जरा पडलेल्या आवाजात विचारलं आणि तोही गुडघे टेकून बघत बसला. या नादात ऊन पट्टी ओलांडून हातभर पुढे गेलं, तेव्हा कुठे त्याला घंटा आठवली. त्या दिवशी गावाचा पास्ता उशिरा शिजला.

घंटा थांबली तशा तेक्लाबाई आत आल्या. भोकाचं काय करायचं, त्यांनी विचारलं.

"राहू द्या," नीवेस म्हणाली.

"पाणी येत राहील. भोवतीचे तारे दहा वर्षंही टिकायचे नाहीत. तुमचं काम आहे ते."

"जाऊ देत. तारे काय, पुन्हा कुणीतरी रंगवेल. सूर्य कोण रंगवणार?"

बोलून गेली खरी, पण त्या ताऱ्यांइतकं सुंदर काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. बुजवायचं का, असं तेक्लाबाईंनी पुन्हा एकदा विचारलं. नीवेसने नाही म्हणून मान हलवली. सगळे जेवायला गेल्यावर ती शेवटचं परांचीवर चढली आणि भोकासाठी कालवून ठेवलेला चुना घमेल्यासकट खाली घेऊन आली.