तोवाबाईंची भातवाढी

सासूबाईंनी गवती छपराचं घर पर्यटकांना दाखवायला नगरपालिकेला दिलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. छप्पर शाकारायचं म्हणजे अख्खं गाव वर चढायला लागायचं, आणि गावात आता चढणारे उरलेत कुठे? पण घराबरोबर त्यांनी भातवाढीसुद्धा देऊन टाकली, ते मात्र माझ्या मनाला लागलं.

आमच्या डोंगरात सासू थकली की वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरातली लाकडी भातवाढी सुनेच्या हातात देते. तिथून पुढे कुणाला किती वाढायचं ते सून ठरवणार. आमच्या सासूबाई, तोवाबाई, नव्वदीला टेकल्या तरी थकायचं नाव नाही. शेजारच्या पत्र्याच्या घरात राहायला आलो, तरी माझ्या वाडग्यात भात त्याच वाढतात. मला नातवंडं झाली, आणि ती भातवाढी काचेच्या पेटीत बसून पर्यटकांकडून फोटो काढून घेतेय!

त्या जुन्या घरात माहिती सांगायचं काम माझ्याकडेच आहे. "ही चुलीची मालकाची बाजू, ही मालकिणीची, आणि ही लाकडं सारायची, धुराची, सुनेची," असं रोज हसत सांगते. हसणं नोकरीचाच भाग आहे.

यंदा नगरपालिकेच्या हातानाकाबाईंनी डोकं चालवलं. वर्षअखेरीला पाहुण्यांसमोर भातवाढी देण्याचा कार्यक्रम करायचा. सासू तोवाबाईच. सून म्हणून त्यांच्या कार्यालयातली नात्सुहा, कारण ती फोटोत छान दिसते.

"आणि मी?"

"फुमिएताई, तुमच्याशिवाय चूल कोण पेटवणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पेटवली चूल.

त्या दुपारी जुनं घर माणसांनी भरलं. सासूबाई मालकिणीच्या बाजूला ताठ बसल्या, मी धुरात. नात्सुहा उसन्या किमोनोत पुढे सरकली, वाकली आणि तिनं दोन्ही हात पसरले. सासूबाईंनी भातवाढी उचलली आणि तिथंच थांबल्या.

"तू कोण गं?"

"मी... तुमची सून, आई."

"माझी सून? तांदूळ धुता येतात का?"

"आमच्याकडे धुतलेलेच येतात. पाकिटातून."

लोक खो खो हसले. हातानाकाबाई खांबाआडून हातवारे करायला लागल्या. "आजी, द्या ना आता!"

"देते की. घाई कसली?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "फुमिए, तिकडे धुरात काय बसलीस? इकडे ये."

मी गेले.

"तुला दिली असती तर मी म्हातारी झाले असते," त्या म्हणाल्या. "म्हणून दिली नगरपालिकेला. आता झालेच आहे म्हातारी. धर."

मी धरली आणि सगळ्यांसमोर रडले. लोकांना वाटलं, धुरानं.

कार्यक्रम संपल्यावर हातानाकाबाईंनी पांढरे हातमोजे घालून भातवाढी माझ्या हातातून काढून घेतली आणि पेटीला कुलूप लावलं. झालं, संपलं, असं म्हणत मी घरी आले.

जेवायला बसलो. मासा होता, गरम भात होता. मी सवयीनं हात मांडीवर ठेवून वाट बघत होते. सासूबाईंनी आपला वाडगा माझ्यापुढे धरला.

"थोडाच वाढ हं."

मी शिगोशीग भरला. त्यांनी एकदा वाडग्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गपगुमान जेवायला लागल्या.