सापडलेला जुळा

“तोंड उघडा,” बाई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांच्या दुकानदारीत किल्लीवाल्यानं पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आ वासला. कापसाची काडी गालाच्या आतून फिरली आणि नळीत गेली. एवढ्याशा थुंकीत म्हणे माणसाची सगळी कुंडली असते.

गुन्हेगारी रक्तातून येते का, यावर बाईंचं संशोधन होतं आणि त्यासाठी त्यांना जुळे भाऊ हवे होते. किल्लीवाल्याचा जुळा चार घरफोड्यांपायी तुरुंगात होता. पुढच्या आठवड्यात तो सुटणार होता आणि त्याला घरी आणायचं की नाही, यावरून महिनाभर धुसफूस चालली होती. “रक्तातच आहे ते,” बायकोनं एकदाचं सांगून टाकलं होतं. “घराची किल्ली देणार म्हणे. त्याला किल्ली लागते कधी?”

म्हणून त्यानं बाईंना हौसेनं बोलावलं होतं. बायकोशी वाद घालण्यापेक्षा नळी परवडली.

“मग, असतं का रक्तात?”

“थोडंफार असतं. एक जुळा गुन्हेगार असला, तर दुसराही तसा निघण्याची शक्यता साध्या भावंडांपेक्षा जास्त दिसते. पण जुळे एकाच घरात वाढतात, एकाच हातचा मार खातात. त्यात रक्त किती आणि वळण किती, हे वेगळं काढणं अवघड.”

“आमचं तर दोन्ही एकच.”

“म्हणून तर आले.”

त्यांनी फॉर्म पुढे केला. तेराव्या प्रश्नावर त्याचं पेन थांबलं. तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?

“चोरी केली का, असं नाही विचारलंत.”

“तसं विचारून कोण सांगतं? शिक्षेची नोंद तरी असते.”

“म्हणजे सापडला तो चोर.”

बाईंनी तेरावा प्रश्न पुन्हा वाचला.

“नवव्या वर्षी मास्तरांच्या खणातलं घड्याळ मी काढलं,” तो म्हणाला. “खिळ्यानं कुलूप उघडून. मास्तरांना आम्ही वेगळे ओळखू यायचो नाही, त्यांनी भावाला बडवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो गप्प राहिला, मीही राहिलो. मग खडू हरवला तरी त्याचंच नाव. मला कुणी चोर म्हटलं नाही म्हणून मी झालो नाही, असं असतं का हो?”

“असू शकतं. पण त्याला माझ्या फॉर्मात रकाना नाही.”

त्यानं फॉर्म उलटा केला आणि मागची कोरी बाजू भरून काढली. बाईंनी तो वाचला आणि नळीसोबत जपून ठेवला.

संध्याकाळी बायको दुकानात आली, तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं. इतकी वर्षं लपवल्याची लाज वाटत होती, पण सांगितलं.

“पण घरफोड्या त्यानंच केल्या ना?”

“त्यानंच केल्या.”

ती स्टुलावर बसून राहिली. त्यानं घराची किल्ली यंत्रात लावली, शेजारी कोरी किल्ली आवळली आणि दात कापून घेतले. मग कानस घेऊन कडा घासायला बसला.

“नीट घासा,” ती म्हणाली. “दारात अडकायला नको.”