दोन जपांचं अंतर

सूर्याला अर्घ्य देईपर्यंत मी बोलत नाही. बावीस वर्षांचा नेम आहे. त्या गुरुवारी पहाटेही पिकअपमध्ये सून रागिणी आणि आमचे हे, वामनराव, यांच्या मधे बसून मी मनातल्या मनात जप करत होते.

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे अमरावतीच्या बाजारात आमच्या झेंडूला मागणी. मुलगा मनोज नांदगाव पेठेला कापड कारखान्यात पाळीवर, म्हणून दर्यापूरहून गाडी रागिणी नेते. यांना ते पटत नव्हतं. या गुरुवारचा बाजार हुकला तर सोमवारपासून ड्रायव्हर ठेवायचा, असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. रात्री रागिणीनं भाकरी अर्धीच खाल्ली.

वलगावच्या अलीकडे धुकं दाटलं. हे म्हणाले, अप्पर मार. रागिणीनं दिव्यांचा झोत खाली, डिप्परवरच ठेवला. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, असं तिनं हळूच सांगितलं. पुढे कापसाचा ट्रक होता.

"त्याच्या लाल लायटाले चिकटून चाल," हे म्हणाले. "तोच रस्ता दाखवते. अशी मांगं मांगं राहून राहिली तं बाजार उठून जाईन."

"मामाजी, तो थांबला तर मला थांबायला जागा पाहिजे." मग ती मला म्हणाली, "आई, ट्रक झाडाजवळून गेला की जप सुरू करा. दोन जप व्हायच्या आत आपण त्या झाडाशी पोचलो, तर माझ्या हाताला बोट लावा."

श्रीराम जय राम जय जय राम. दुसरा जप पुरा व्हायच्या आतच पहिलं झाड आलं, मी तिच्या हाताला बोट लावलं. तिनं वेग कमी केला. यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

तेवढ्यात मागून एक जीप आली आणि आम्ही सोडलेल्या जागेत घुसली. रागिणी पुन्हा मागे सरली. हे पुटपुटले, घे, साऱ्या गावाले पुढं जाऊ दे.

दोन-तीन झाडं गेली असतील. ट्रकसमोर मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. ट्रकनं करकचून ब्रेक दाबला, जीप धाडकन त्याला धडकली. आमची गाडी उभी राहिली तेव्हा जीप आमच्यापासून बैलगाडीभर लांब होती. रागिणीनं आधी चारही दिवे लुकलुकते केले, मग उतरून जीपवाल्यांची विचारपूस केली. कपाळाला खरचटण्यावर निभावलं होतं.

मी गाडीतच बसून होते. नेम मोडला नाही, पण डोळे भरून आले.

बाजारात पोचलो तेव्हा निम्मे व्यापारी निघून गेले होते. रागिणी टोपल्या उतरवत होती. अडत्यानं विचारलं, आज उशीर कावून झाला?

"गाडी आमची सून चालवते," हे म्हणाले, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं. "उशीर झाला. पण आमी तिघंबी आलो ना."

सोमवारी ड्रायव्हर आला नाही. पुढच्या गुरुवारी निघण्याआधी यांनी ओल्या फडक्यानं गाडीचे दिवे पुसले, पुढचे आणि मागचेही. वलगावजवळ धुकं लागलं, तेव्हा माझं बोट उठायच्या आधीच बाजूनं आवाज आला. चाळीस वर्षांत ज्यांनी कधी माळ हातात धरली नाही, ते झाडाकडे बघत मोठ्यानं जप म्हणत होते.