कोरे समास

कथा कशी लिहावी हे शिकवणारं पुस्तक कसं निवडावं, ते रबरबाईला विचारावं. मुखपृष्ठ बघायचं नाही, मागचं कौतुक वाचायचं नाही. पुस्तक मिटून आडवं धरायचं आणि पानांच्या कडेचा मळ बघायचा. मळ विसाव्या पानापर्यंत असेल तर लेखकाने प्रस्तावनेतच सगळं सांगून टाकलंय. मध्येच एखादी काळी रेघ असेल तर तेवढंच प्रकरण कामाचं. आणि मळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असेल तर ते पुस्तक डोळे मिटून घ्यावं. माणसं खोटं बोलतात, बोटं बोलत नाहीत.

रबरबाई हे तिचं नाव नव्हे, पण सव्वीस वर्षांत ग्रंथालयात तिला दुसरं कोणी काही म्हटलं नव्हतं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ती पानन् पान उलटायची आणि पेन्सिलीची खूण दिसली की रबर फिरवायची. त्यासाठी आधी चष्मा काढून ठेवायची. "चष्मा असला की डोळे वाचत बसतात," ती म्हणायची, "आणि वाचत बसलं की काम बसतं." चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसायचं नाही, करडा डाग तेवढा दिसायचा. डाग गेला की पान झालं.

त्या आठवड्यात विमेवाले आले. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता ग्रंथालयात कथालेखनाचा वर्ग घेणार होते.

"बाई, तुमच्या त्या कपाटात एकेचाळीस पुस्तकं आहेत. मला सात द्या. जाडजूड बघून."

"जाड कशाला? वजनावर शिकवणार आहात का?"

"वर्गात छाप पडते हो. माणूस आधी आकडा बघतो, मग अटी वाचतो."

"आणि अटी वाचल्या की पळतो. उरलेल्या चौतिसांचं काय?"

"समितीने ठरवलंय ना, शनिवारी रद्दीत. त्या जागी संगणक येतोय." विमेवाले जरा ओशाळले. "तुम्ही फक्त रजिस्टरात कारण लिहायचं."

कपाट खिडकीपाशी होतं आणि खिडकीपाशी एक टेबल. रबरबाई त्या टेबलाकडे शक्यतो बघायची नाही. तिथे तिचा दादा बसायचा. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढून साडेचारला सुटायचा, इथे यायचा, हीच पुस्तकं काढून बसायचा आणि सहाला घरी जायचा. घरी एकही पुस्तक न्यायचा नाही. "कादंबरी लिहितोय," म्हणायचा. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. शेवटच्या आजारात वहिनीला म्हणाला, "झाली पुरी. शोध, सापडेल."

वहिनीने घर पालथं घातलं. गाद्या उसवल्या, माळा उपसला, हापिसातला खण रिकामा करून आणला. कागदाचा कपटा निघाला नाही. तेराव्या महिन्यात तिने शोधणं थांबवलं आणि एक दिवस शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांनी अकरा वर्षं मला उल्लू बनवलं. मी संध्याकाळचं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. म्हटलं, लिहितायत."  रबरबाईलाही तेच वाटत होतं. मेलेल्या माणसाला खोटारडा म्हणणं सोपं. त्या खोटेपणासह रोज त्याच्या फोटोसमोर बसणं वहिनीच्या वाट्याला होतं.

तिने पुस्तकं टेबलावर घेतली आणि कडा बघायला सुरुवात केली. निळ्या पुस्तकाचा मळ संवादाच्या प्रकरणावर, ठेवायचं. लाल पुठ्ठ्याच्या ग्रंथात 'प्रेरणा' या शब्दावर नव्वद पानं, मळ शून्य, रद्दी. एकात प्रत्येक धड्याखाली व्यायाम होते आणि व्यायामाच्या पानांना कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं. लोकांना दंड काढायचे नसतात, पैलवान व्हायचं असतं. दुपारपर्यंत सहा निघाली. सातव्या जागेसाठी एक बारकुडं, पाठ निखळलेलं पुस्तक तिने बाजूला ठेवलं. कडा शेवटपर्यंत काळी होती, पण विमेवाल्यांची छाप पडावी असं ते पुस्तक नव्हतं.

चार वाजून गेले. खिडकीतून ऊन तिरकं झालं आणि टेबलावर उघड्या पडलेल्या लाल ग्रंथाच्या समासात काहीतरी हललं.

हललं असं तिला वाटलं. कोऱ्या समासात सावल्या होत्या, केसाइतक्या बारीक, ओळीने उभ्या. तिने पान सपाट केलं; गेल्या. वाकवलं, पुन्हा आल्या. पानांच्या बेचक्यात रबराचे वळलेले कण होते, तिच्याच रबराचे. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला.

शाई नव्हती, शिसं नव्हतं. नुसते खळगे. सरळ, सुटी, शिरोरेघ नसलेली अक्षरं, नकाशावर नळांची नावं लिहितात तशी. अशी अक्षरं कठीण पेन्सिलीनेच निघतात. ती कागदावर फिकी दिसते, पण खाली खोल चर पाडून जाते. वहिनीच्या भिंतीवर दादाच्या हातचा एक जुना नकाशा टांगलेला आहे. त्यावर हीच अक्षरं.

 तिला मागे बघायचा धीर होईना. समोरची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती. खुर्च्या बाहेर राहतातच, वाचक निष्काळजी असतात, हे तिला सव्वीस वर्षांचं पाठ होतं. तरी तिने ती आत सरकवली नाही.

तिने पान तिरकं धरलं आणि वाचलं: "पाणी कुठे मुरतंय ते तो ऐकून सांगायचा."

एक माणूस होता त्यात, जमिनीला लोखंडी सळई लावून दुसऱ्या टोकाला कान देणारा, नळाची गळती शोधणारा. त्याला पाण्याबरोबर वरच्या घरातलं बोलणंही ऐकू यायचं. लाल ग्रंथाचे सगळे समास भरले होते. पुढचं प्रकरण हिरव्या पुस्तकात. ज्या पुस्तकांकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, नेमक्या त्यांतच तो लिहीत गेला होता. तिथे जागा होती आणि गर्दी नव्हती. चौतीस रद्दीपैकी एकोणीस.

आणि त्या एकोणीसही पुस्तकांवरून तिचं रबर फिरलेलं होतं.

मग तिला ते जेवण आठवलं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. ती वहिनीकडे जेवायला गेली होती आणि तणतणत होती, "कोणीतरी मेला त्या कपाटातल्या पुस्तकांत रोज लिहितो. दिवसभर त्या टेबलाशी दहाजण बसतात, आणि सहा वाजता मी पुसत बसते."

दादा मान खाली घालून जेवत होता. "काय लिहितो?"

"मला काय माहीत? मी काय वाचते की काय!"

"एक पण ओळ नाही?"

"दादा, मला पगार पुसायचा मिळतो."

तो इतका हसला होता की त्याला ठसका लागला. वहिनीने पाठीवर थापटलं होतं. त्यानंतरही तो लिहीत राहिला. हे गणित तिला सुटेना. थांबला का नाही? घरी वही का आणली नाही? रागावला असता तर बरं झालं असतं.

तिने रजिस्टर उघडलं. ग्रंथालयाच्या नियमाने काढून टाकायच्या पुस्तकासमोर तीनपैकी एक कारण लिहायचं असतं: फाटलं, कालबाह्य, किंवा वाचक नाही. पंधरा पुस्तकांसमोर तिने 'वाचक नाही' लिहिलं. सोळाव्यापाशी हात अडला. बराच वेळ अडला. मग एकोणीस ओळींत तिने सुवाच्य अक्षरात 'वाचक मिळाला' लिहिलं, कर्मचाऱ्याने नेल्याची सही केली आणि दोन पिशव्या भरल्या.

वहिनीने दार उघडलं ते पिशव्या बघूनच. "अगं बाई! रद्दी माझ्याकडे टाकायला आणलीत की काय?"

"वहिनी, मऊ पेन्सिल आहे घरात?"

"ह्यांच्या खणात असतील. का?"

रबरबाईने लाल ग्रंथ उघडला, पेन्सिल आडवी धरली आणि समासावर हलकी हलकी फिरवली. कागद काळा होत गेला आणि काळ्यात पांढरी अक्षरं उमटायला लागली. सव्वीस वर्षांत ग्रंथालयाच्या पुस्तकावर तिने पेन्सिल पहिल्यांदाच टेकवली होती.  वहिनीने भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि खाली बसली.

"ह्यांचं आहे."

"एकोणीस पुस्तकांत आहे. पुरी केली होती, खोटं नव्हता बोलला."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला नाही. ती वाचत होती. पान, दोन पानं. मग एका जागी तिचं बोट थांबलं. तिथे कागद खरवडून कापसासारखा झाला होता. पेन्सिल फिरवली तर नुसता काळा डाग उठला.

"इथे काय होतं?"

आता बोलायचं होतं. रस्ताभर तिने वाक्य घोळवलं होतं, ते आयत्या वेळी पळालं.

"इथे मी जोर लावला होता," ती म्हणाली. "सगळं मीच पुसलंय, वहिनी. रोज सहा वाजता. चष्मा काढून."

 वहिनी उठली, आत गेली, भांडं आदळल्याचा आवाज झाला, परत आली.

"आणि त्यांना ठाऊक होतं?"

"होतं. मीच सांगितलं होतं, जेवताना. तू होतीस."

"ठसका लागला त्या दिवशी?"

"हो."

"मूर्ख माणूस!" वहिनी म्हणाली, आणि कोणाला ते रबरबाईने विचारलं नाही. "सरका तिकडे. उजेड अडवू नका. हिरवं पुस्तक इकडे द्या आणि दुसरी पेन्सिल घ्या. जिथे भोक असेल तिथे भोक म्हणून मोठ्याने वाचा. मला कळायला हवं किती गेलंय."

त्या संध्याकाळी दीड प्रकरण झालं. एकवीस भोकं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला विमेवाले आले. "झाली का सात?"

"सहा झाली. सातवं बघते." तिने ते बारकुडं पुस्तक उचललं. कडा शेवटपर्यंत काळी, म्हणजे खात्रीचं. तरी सवय लागली होती. खिडकीपाशी जाऊन तिने पानं एकेक तिरकी धरली. या पुस्तकाला इतके हात लागले होते की इथे लिहायची सोयच नव्हती. समास कोरे निघत गेले. शेवटच्या पानावर लेखकाने एकच उपदेश छापला होता: तुम्ही कोणासाठी लिहिता ते आधी ठरवा.

त्याच्याशेजारी खळगे होते. पेन्सिलीची गरज पडली नाही.

"ठरलंय. ती चष्मा काढून येते, पण एकही पान सोडत नाही."

रबरबाई उभीच राहिली. टेबलापाशी बसणाऱ्याला तिची जागा सरळ समोर दिसायची, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अकरा वर्षं तो सहाला उठून दाराशी रेंगाळायचा, चपला चढवायला उशीर लावायचा. ती चष्मा काढून ठेवायची आणि पान उलटायची. तो बघत असणार.

"बाई, बरं नाही का?" विमेवाले म्हणाले. "हे एवढंसं पुस्तक कशाला? पाठ गेलीय त्याची."

"हेच सगळ्यात कामाचं आहे. पण हे वर्गात बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. आणि संध्याकाळी माझ्याकडे परत."

"वर्गातल्यांनी पेन्सिलीने काही लिहिलं तर तुम्ही आहातच पुसायला!"

 रबर खणात होतं, खण बंद होता. चष्मा तिने नाकावर घट्ट बसवला. खिडकीपाशी खुर्ची आजही थोडी बाहेर होती. विमेवाले ती ओढून बसायला गेले.

"तिथे नको," ती म्हणाली. "तिथे कोणी बसलेलं आहे."

विमेवाल्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पलीकडची घेतली.